चमचाभर लघवी आणि मेणबत्ती



अंडं उकडलं की आतला पातळ पांढरा भाग घट्ट होतो, हे आपल्याला ठाऊक आहे. मूत्रपिंडाचा आजार ओळखायची एक जुनी रीत यावरूनच निघाली. तिची गोष्ट आज सांगते.

इटलीतल्या नेपल्स शहरात कोतुन्यो नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज आलेल्या एका सैनिकाची लघवी त्यांनी विस्तवावर तापवली, तर ती अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठली. १७६४ साली त्यांनी हे लिहून ठेवलं. गोठणारा तो पदार्थ म्हणजे अल्ब्युमिन, आपल्या रक्तातलं प्रथिन.

ते लघवीत येतं कुठून? मूत्रपिंड गाळणीसारखं काम करतं. घाण पाणी खाली सोडतं, प्रथिनं रक्तात राखतं. गाळणी बिघडली की प्रथिन गळायला लागतं.

१८२७ साली लंडनच्या गाईज रुग्णालयातल्या रिचर्ड ब्राइट यांनी याचा छडा लावला. सूज आलेल्या रुग्णाची लघवी चमच्यात घ्यायची, मेणबत्तीवर तापवायची. ती गोठत होती, अशा रुग्णांची मूत्रपिंडं मृत्यूनंतर तपासली, तर ती खराब झालेली निघाली. अनेकांचं हृदयही वाढलेलं होतं.

पण मेणबत्तीवर दिसेपर्यंत उशीर झालेला असे. १९६३ साली त्याच रुग्णालयात हॅरी कीन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं अगदी थोडं अल्ब्युमिन मोजायची पद्धत काढली. पुढे कळलं, की साखरेच्या रुग्णांत एवढीशी गळतीही मूत्रपिंडाच्या आणि हृदयाच्या आजाराची आगाऊ सूचना असते. कारण गाळणी बारीक रक्तवाहिन्यांचीच बनलेली. तिथं बिघाड असेल, तर शरीरात इतरत्रही असू शकतो.

या वेळी काही दुखत नाही, सूजही नसते. म्हणून साखर किंवा बीपी असेल, तर वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन तपासून घ्या. 'एसीआर' नावाच्या तपासणीत ३० मिलिग्रॅमच्या आतला आकडा ठीक समजतात. जास्त आला तर घाबरू नका. ताप, पाळी किंवा लघवीच्या जंतुसंसर्गानंही तो वाढतो, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासतात. गळती खरी असेल, तर ती कमी करणारी औषधं आहेत.

गरोदरपणी बाळासाठी आपण लघवी तपासायला दिली होती. आता स्वतःसाठी द्यायला लाजायचं कशाला?