१९१५चा गुणतक्ता आणि त्यातले दोन गुण

इंग्लंडच्या १९१४-१५च्या फुटबॉल हंगामाचा गुणतक्ता मिळायला कठीण नाही. पहिल्या विभागात एव्हर्टन ४६ गुणांवर विजेते, ओल्डहॅम एकाच गुणाने मागे. तळाला मँचेस्टर युनायटेड ३०, चेल्सी २९, टॉटनहॅम २८. शेवटचे दोघे खालच्या विभागात जायचे, म्हणजे युनायटेड थोडक्यात बचावले. बेरीज बरोबर आहे. पण तक्ता निकाल सांगतो, निकाल कसा लागला ते सांगत नाही.

ते दुसऱ्या कागदांत आहे. २ एप्रिल १९१५, गुड फ्रायडे. ओल्ड ट्रॅफर्डवर युनायटेडने लिव्हरपूलला २-० हरवले. दोन्ही गोल अँडरसनचे. युनायटेडच्या ओकॉनेलने पेनल्टी गोलपासून भलतीच लांब मारली. पुढे एका बुकीचे हस्तपत्रक फिरू लागले: नेमक्या २-० या निकालावर एकास सात या भावाने अनेकांनी पैसे लावले होते, आणि बुकींना त्यात ठरवाठरवीचा वास येत होता.

फुटबॉल असोसिएशनच्या चौकशी समितीने डिसेंबरात निर्णय दिला. लिव्हरपूलचे शेल्डन, मिलर, पर्सेल, फेअरफूल आणि युनायटेडचे टर्नबुल, व्हॅली, वेस्ट यांच्यावर कायमची बंदी आली. यादी नीट वाचली की गंमत कळते. युनायटेडच्या तिघांपैकी त्या दिवशी मैदानात उतरला होता एकटा वेस्ट. शिवाय ठपका पैजेच्या पैशांचा आहे, संघ वाचवल्याचा नाही. ‘युनायटेडने स्वतःला वाचवले’ हे विधान म्हणूनच मला घाईचे वाटते. क्लब दोषी ठरले नाहीत, त्यामुळे निकाल तसाच राहिला आणि दोन गुणही.

वेस्टने शेवटपर्यंत गुन्हा नाकारला. तो कोर्टात गेला, हरला. इतरांची बंदी १९१९ मध्ये उठली. टर्नबुल त्याआधीच, मे १९१७ मध्ये, आरासच्या लढाईत मारला गेला होता. वेस्टची बंदी उठली ती १९४५ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी.

राष्ट्रीय संघाचे पान या हंगामात कोरेच आहे, कारण युद्धामुळे ब्रिटनमधल्या चार संघांची स्पर्धा झालीच नाही. लीग मात्र चालू राहिली आणि त्यावर टीकाही झाली. डिसेंबर १९१४ मध्ये फुलहॅमच्या टाउन हॉलमध्ये फुटबॉलपटूंची वेगळी पलटण उभी राहिली. एप्रिलमधल्या एफए कपच्या अंतिम सामन्यात शेफील्ड युनायटेडने चेल्सीला ३-० हरवले. तोही ओल्ड ट्रॅफर्डवरच झाला. गणवेशातल्या सैनिकांनी स्टँड भरलेले असल्याने त्याला ‘खाकी’ नाव पडले.

त्या हंगामानंतर थांबलेली लीग पुन्हा सुरू झाली १९१९ मध्ये. पहिला विभाग २० वरून २२ संघांचा झाला. खालून डर्बी आणि प्रेस्टन वर आले, चेल्सीला मतदानाशिवाय ठेवून घेतले गेले आणि उरलेली जागा मतांवर सोपवली गेली. दुसऱ्या विभागात पाचव्या आलेल्या आर्सेनलला १८ मते पडली, टॉटनहॅमला ८. टॉटनहॅमच्या चाहत्यांचा राग अजून गेलेला नाही. पण हिशेब करून पाहावा: युनायटेड त्या शुक्रवारी हरले असते तर तेही २८ वर थांबले असते, चेल्सी आपोआप वाचले असते, आणि गोलसरासरीत कमी असल्याने टॉटनहॅम तरीही शेवटच्याच जागी राहिले असते.