ध्वनिमुद्रणावरचा शेवटचा हात

गाणे कोणी रचले, कोणी बसविले आणि कोणी गायिले, याची चर्चा आपल्याकडे पुष्कळ होते. परंतु गाऊन झालेले गाणे लोकांच्या कानांपर्यंत पोचण्यापूर्वी त्यावरून शेवटचा हात कोणी फिरविला, याची चौकशी फारसे कोणी करीत नाही. या कामाला मास्टरिंग असे नाव आहे. ज्या एका प्रतीवरून पुढच्या साऱ्या प्रती निघावयाच्या, ती प्रत नीट सिद्ध करणे एवढाच त्याचा सरळ अर्थ. आम्ही आमचे आयुष्य कामगार संघटनेत घालविले. जे काही शिकलो ते वाचून आणि विचारून शिकलो. पण मालावर शेवटचा हात कोणाचा आणि माल कोणाच्या नावावर चढतो, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे. त्याच प्रश्नाच्या अंगाने या इतिहासाकडे पाहू.

एडिसनने आपले बोलके यंत्र १८७७ साली दाखविले. त्यानंतर दहा वर्षांनी बर्लिनरने सपाट तबकडीची युक्ती काढली. तबकडीचा मोठा गुण असा की, एका मूळ मुद्रेवरून धातूचा ठसा काढून हजारो प्रती छापता येत. आपल्या देशात हे तंत्र आणले ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्याने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. गाणे कलकत्त्याचे, पण मूळ मुद्रा आगबोटीने जर्मनीत हॅनोव्हरला जावयाची आणि तबकड्या तेथे छापून परत यावयाच्या. गाण्याच्या शेवटी गौहरजान आपले नाव इंग्रजीत सांगत. परदेशी कारागिरांना तबकडीवर कोणाचे नाव घालावे हे कळावे, म्हणून ही पद्धत पडली असे सांगतात. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा कुठे तबकड्या येथे छापल्या जाऊ लागल्या.

त्या काळी मास्टरिंगचे निराळे टेबल नव्हते. कर्ण्यासमोर कोणी किती अंतरावर उभे राहावयाचे, यातच सारा तोल साधावा लागे. बारीक आवाजाचा माणूस पुढे, भरदार वाद्य मागे. तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांची जागा असे, म्हणून रंगभूमीवर घोळून घोळून गायिले जाणारे नाट्यपदही तेवढ्यात बसवावे लागे. १९२५ नंतर मायक्रोफोन आणि विजेचे मुद्रण आले. बारीक हरकतीही उमटू लागल्या, पण यंत्र आणि मूळ मुद्रा दोन्ही कंपनीच्याच घरी राहिली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चुंबकीय फीत पसरली आणि मुद्रण कंपन्यांच्या हाताबाहेर पडणे सोपे झाले. आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांचे ८ नोव्हेंबर १९५६ रोजी बांद्र्याला झालेले कीर्तन असेच फितीवर उतरले. पुढच्याच महिन्यात, २० डिसेंबरला, बाबा गेले. ती फीत नसती तर बाबांचा आवाज पुढच्या पिढ्यांना केवळ वर्णनातून कळला असता.

१९६३ साली फिलिप्स कंपनीने छोटी कॅसेट काढली. आपल्याकडे ती १९८० च्या दशकात खेडोपाडी पोचली. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते आणि भीमगीते घराघरांत गेली ती बहुतांशी कॅसेटवरूनच. प्रत काढणे इतके स्वस्त झाले की लहान गावातला दुकानदारही दोन कप्प्यांचे यंत्र घेऊन बसू लागला. मात्र प्रतीवरून प्रत काढली की दर वेळी खरखर वाढे. म्हणून पहिली प्रत ज्याच्याजवळ, त्याच्याजवळच खरा माल. गायकाला बहुधा एकरकमी बिदागी मिळे, आणि पुढे किती प्रती खपल्या याचा हिशेब त्याच्यापर्यंत येत नसे.

संगणक आल्यावर चित्र पालटले. ऑडॅसिटी नावाचे फुकट साधन २००० साली प्रसिद्ध झाले. आज साधा संगणक आणि बरा हेडफोन एवढ्या भांडवलावर शेलूबाजारच्या भजनी मंडळाला आपल्या ध्वनिमुद्रणावर स्वतःचा शेवटचा हात फिरविता येतो. तो कसा, हे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, मूळ मुद्रण जसेच्या तसे दोन ठिकाणी जपून ठेवावे आणि काम नेहमी प्रतीवर करावे. मुद्रण करताना आवाजाचा काटा लाल रेषेच्या बराच खाली ठेवावा. फाटलेला आवाज मागाहून शिवता येत नाही. खोली घुमत असेल तर भिंतींवर गोधड्या टांगाव्या, पंखा बंद करावा.

दुसरी गोष्ट, मुद्रण झाल्या दिवशी दुरुस्तीला बसू नये. कान थकलेले असतात. दुसऱ्या दिवशी आपल्याला आवडणारे त्याच जातीचे एक चांगले मुद्रण शेजारी ठेवावे आणि दोन्ही सारख्याच उंचीवर आलटून पालटून ऐकावी. जे मोठ्याने वाजते ते कानाला चांगले वाटते, हा मनुष्याच्या कानाचा स्वभाव आहे. म्हणून उंची सारखी करणे अगत्याचे.

तिसरी गोष्ट, वाढविण्यापेक्षा कमी करावे. पखवाजाच्या धुमेच्याही खाली जी घरघर असते, ती साधारण ४० हर्ट्झच्या खाली छाटावी. विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर असते. तेवढी अरुंद जागा दाबावी. टाळ कानात टोचत असतील तर वरच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल उतरवावे, अधिक नको. बुवांचा आवाज मध्यावर आहे. भोवतालची गर्दी हटली की तो आपोआप पुढे येतो.

चौथी गोष्ट, उंच-सखल भाग जवळ आणणारे कॉम्प्रेशन नावाचे साधन मिठासारखे वापरावे. कोरसातला जोर आणि एकट्या गायकाचा हळुवारपणा यांतला फरक मेला तर भजनच मेले. १९९० नंतर जगातल्या बड्या कंपन्यांनी ‘माझी तबकडी तुझ्याहून मोठ्याने’ अशी स्पर्धा लावली आणि पुष्कळ चांगले संगीत चेंगरून टाकले. अखेर २००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने कानाला जाणवणारा मोठेपणा मोजण्याचे प्रमाण ठरविले, आणि २०१० साली युरोपच्या प्रक्षेपण संघाने आपल्या सभासदांसाठी पातळी नेमून दिली. बाजारात प्रमाणित काटा आला की खोट्या मापाचा फायदा उरत नाही. येथेही तसेच झाले. आता इंटरनेटवर गाणी ऐकविणाऱ्या बहुतेक कंपन्या फार मोठ्याने भरलेले गाणे आपणच खाली उतरवितात. म्हणून शिखर शून्याच्या एक डेसिबल खाली ठेवून थांबावे.

शेवटी ते गाणे मोबाइलवर, मोटारीत आणि देवळाच्या भोंग्यावर ऐकून पाहावे. तिन्हीकडे शब्द कळले तर काम झाले.

आता मूळ प्रश्न. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणाचा कर्ता म्हणजे निर्माता; आणि ज्याने पुढाकार व जबाबदारी घेऊन मुद्रण केले तो निर्माता. म्हणजे मंडळाने स्वतः मुद्रण केले, तर पहिला मालक मंडळच, आणि तो हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षे टिकतो. गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांना १९९४ च्या दुरुस्तीने स्वतंत्र हक्क मिळाला. त्याची मुदत आज पन्नास वर्षे आहे. पण हक्क कागदावर असून भागत नाही. कोण गायिले, पखवाजावर कोण, पद कोणाचे, तारीख कोणती, हे मुद्रणाबरोबर लिहून सह्या घ्याव्या. हजेरीपटाविना मजुरी सिद्ध होत नाही, हे ज्याने मजुरी केली त्याला सांगावयास नको.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आणि त्यांतील पुष्कळ बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. त्या संग्रहाची थोरवी अशी की, ओवीबरोबर गाणारणीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. आपल्या वाशीम जिल्ह्यात खंजिरीवरची भजने आहेत, भीमगीतांच्या गायनपार्ट्या आहेत, पोहरादेवीच्या परिसरातल्या तांड्यांवर लेंगी आहे, आणि जात्यावर दळलेल्या शेवटच्या पिढीतल्या म्हाताऱ्या अजून आपल्यांत आहेत. यंत्राची अडचण आता उरलेली नाही. तेव्हा पुढचा वसंत येण्यापूर्वी प्रत्येक मंडळाने निदान एका वृद्ध गळ्याचे मुद्रण करावे, त्यावर आपल्याच हाताने शेवटचा हात फिरवावा, आणि खाली नाव घालावयास विसरू नये.