औद्योगिक नियंत्रणाचे शिक्षण : बारामती–इंदापूर परिसर

यंत्रे व प्रक्रिया यांतील तापमान, दाब, पातळी, गती इ. राशी इष्ट मर्यादेत राखणे आणि यंत्रांच्या क्रिया ठरलेल्या क्रमाने घडवून आणणे, यांसाठी योजलेल्या व्यवस्थेला औद्योगिक नियंत्रण प्रणाली म्हणतात. पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांत या विषयाचे विद्यापीठीय शिक्षण उशिरा पोहोचले. परंतु ज्या प्रक्रियांचे नियंत्रण करावयाचे, त्या तेथे अनेक दशके आधीपासून चालू होत्या. प्रक्रिया आधी व शास्त्र नंतर, हा क्रम येथील शिक्षणाचा इतिहास समजण्यास महत्त्वाचा आहे.

पूर्वपीठिका : स्वयंचलित नियंत्रणाचे मूलतत्त्व म्हणजे प्रतिभरण होय. प्रणालीने घडवून आणलेला परिणाम मोजावयाचा, तो इष्ट मूल्याशी ताडून पाहावयाचा आणि आढळलेल्या फरकानुसार कारणात बदल करावयाचा, असे त्याचे स्वरूप असते. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये वाफेच्या एंजिनावर बसविलेला वेगनियंता हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण असून जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी १८६८ मध्ये वेगनियंत्यांचे गणिती विवेचन केले. पुणे जिल्ह्यात हे तत्त्व प्रथम ठळकपणे दिसले ते पाण्याच्या संदर्भात. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे (स्थापना १८५४) विद्यार्थी मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांनी योजिलेली स्वयंचलित दारे १९०३ मध्ये खडकवासला येथे बसविण्यात आली. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की ती आपोआप उघडत व पातळी उतरली की मिटत. खडकवासल्याचे पाणी पुढे नव्या मुठा उजव्या कालव्याने इंदापूर तालुक्यापर्यंत नेण्यात आले.

बारामती परिसरात ऊसशेती स्थिरावली ती १८८५ च्या सुमारास सुरू झालेल्या नीरा डाव्या कालव्यामुळे. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंब गावाजवळ साखर कारखाना काढला आणि त्याभोवती वालचंदनगर ही औद्योगिक वसाहत वाढली. पुढे तेथे साखर व सिमेंट उद्योगांना लागणारी अवजड यंत्रसामग्री तयार होऊ लागली. स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इ. ठिकाणी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. १९९० नंतर बारामतीच्या औद्योगिक क्षेत्रात वाहननिर्मिती व दुग्धप्रक्रिया आणि इंदापूर तालुक्यातील भिगवण येथे कागदनिर्मिती असे उद्योग आले.

रिलेपासून पीएलसीपर्यंत : यंत्रे क्रमवार चालविण्याचे काम पूर्वी रिले अथवा अभिचालित्रे करीत. त्यांच्या शेकडो तारा एका कपाटात जोडलेल्या असत व क्रम बदलावयाचा तर त्या उकलून पुन्हा जोडाव्या लागत. मोटारींचे नमुने वरचेवर बदलणाऱ्या अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीला ही अडचण विशेष जाणवली. तिच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिलेंच्या जागी वापरता येईल अशा इलेक्ट्रॉनीय नियंत्रकाची मागणी केली. रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनी तयार केलेला ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक १९६९ मध्ये त्या विभागाला मिळाला. अशा नियंत्रकाला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, संक्षेपाने पीएलसी, हे नाव रूढ झाले. त्यात तारांची जोडणी न बदलता केवळ आज्ञावली बदलून यंत्राचा क्रम बदलता येतो. तो संवेदक व बटणे यांच्या स्थिती वाचतो, आज्ञावलीनुसार निर्णय करतो आणि चलित्रे, झडपा इत्यादींना आदेश देतो. हे चक्र तो काही सहस्रांश सेकंदांत पूर्ण करून पुनःपुन्हा चालू ठेवतो.

या नियंत्रकासाठी निवडलेली लेखनपद्धती शिक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे दिसणारी शिडी-आकृती कारखान्यातील वीजतंत्रींच्या परिचयाच्या रिले-आकृतीवरूनच घेतलेली होती. एकसरीत जोडलेले संपर्क ‘आणि’ हा संबंध, तर समांतर जोडलेले संपर्क ‘किंवा’ हा संबंध दाखवितात. त्यामुळे संगणकशास्त्र न शिकलेल्या कुशल कामगारालाही ही आज्ञावली वाचता येऊ लागली. १९९३ च्या आंतरराष्ट्रीय मानकात शिडी-आकृतीबरोबर इतर लेखनपद्धतींनाही स्थान मिळाले.

विद्यापीठीय शिक्षण : हे दोन्ही तालुके १९४९ मध्ये कार्यान्वित झालेल्या पुणे विद्यापीठाच्या (२०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) क्षेत्रात येतात. दीर्घकाळ अभियांत्रिकी शिकण्यासाठी येथील विद्यार्थ्यांना पुणे, सांगली अशा शहरांत जावे लागे. बारामती येथे १९७२ मध्ये विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली व तिचे अभियांत्रिकी महाविद्यालय २००० मध्ये सुरू झाले. विद्यापीठाच्या २०१२ च्या अभ्यासक्रमात विद्युत् अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षाला पीएलसी व स्काडा (दूरस्थ पर्यवेक्षण व माहितीसंकलन प्रणाली) यांच्या उपयोजनांचा स्वतंत्र विषय होता. साखर उद्योगातील तंत्रज्ञांच्या शिक्षणासाठी पुण्याजवळील मांजरी येथे १९७५ मध्ये डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन झाली. १९८९ मध्ये तिला वसंतदादा पाटील यांचे नाव देण्यात आले.

अभ्यासक्रमाची दोन अंगे असतात. प्रतिभरण, स्थैर्य व नियंत्रकाची जुळवणी यांचे गणित हे पहिले आणि आज्ञावली लिहून ती चालवून पाहणे हे दुसरे. प्रयोगशाळेतील संचावर बटणे, दिवे, लहान चलित्र वा पाण्याची टाकी जोडून विद्यार्थी सराव करतो. संचावरील दिवा आदेश मिळताच लागतो. कारखान्यातील प्रक्रिया इतकी आज्ञाधारक नसते.

साखर कारखान्यात शिरताच हा भेद कळून येतो. गव्हाणीतून येणारा ऊस कधी दाट, कधी विरळ असतो. म्हणून चरकावरील उभ्या नळकांड्यातील उसाच्या चुऱ्याची पातळी मोजून तीनुसार वाहकपट्ट्याची गती कमीजास्त केली जाते. रसाच्या शुद्धीकरणात चुना व गंधकाचा धूर यांचे प्रमाण साधून रस जवळजवळ उदासीन ठेवावा लागतो. मात्र चुना वाढविल्याचा परिणाम मापकावर काही वेळाने दिसतो आणि उतावळा नियंत्रक तोवर मात्रा आणखी वाढवून बसतो. बाष्पित्रात वाफेची मागणी एकाएकी वाढली की दाब उतरून पाण्यातील बुडबुडे फुगतात व पातळी क्षणभर वाढल्याचा भास होतो. अशा वेळी केवळ पातळीवर विसंबणारा नियंत्रक पाणी तोडतो, म्हणून वाफेचा व पाण्याचा प्रवाहही मोजावा लागतो. साखरेचे कण धरविताना निष्णात पॅनमन काचेवरील थेंब पाहून निर्णय घेतो. त्याची ही जाण मापनात व आज्ञावलीत आणावयाची, तर प्रथम त्याच्याजवळ उभे राहून ती समजून घ्यावी लागते.

सुरक्षिततेचा पाठही असाच आहे. थांबविण्याच्या बटणाचा संपर्क नेहमी बंद, म्हणजे विद्युत् प्रवाह वाहू देणारा ठेवतात. तार तुटली तरी प्रवाह खंडित होऊन यंत्र थांबावे हा त्यामागील हेतू होय. आणीबाणीचा थांबा केवळ आज्ञावलीवर न सोपविता स्वतंत्र तारजोडणीने दिला जातो. संचावर हा आकृतीतील एक संकेत भासतो. वाहकपट्ट्याशी काम करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो हातापायांचा प्रश्न असतो.

अडचणी व महत्त्व : गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर–नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन वसंत ऋतूपर्यंत चालतो, तर महाविद्यालयाची मोठी सुटी उन्हाळ्यात येते. त्यामुळे सुटीतील प्रशिक्षणार्थीला कारखाना बहुधा दुरुस्तीसाठी उघडलेला दिसतो. त्या काळात मापकांचे प्रमाणीकरण, तारजोडणीची तपासणी व झडपांची उघडझाप शिकता येते. परंतु चालू प्रक्रियेचा स्वभाव केवळ हंगामातच कळतो. ऊस पिकविणाऱ्या कुटुंबांतील अनेक मुलेमुली आता हे शास्त्र शिकतात. गाळप अवेळी थांबले, तर तोडलेल्या उसाचे वजन व त्यातील साखर घटते आणि तोटा कारखान्याबरोबर शेतकऱ्यालाही सोसावा लागतो. या परिसरात नियंत्रणशास्त्राचे शिक्षण केवळ नोकरीचे साधन राहत नाही, ते यामुळेच. मात्र त्याचा खरा उपयोग प्रयोगशाळेचे वेळापत्रक व कारखान्याचा हंगाम यांची सांगड कितपत घातली जाते, यावर अवलंबून राहतो.