कागदावरचे साल आणि नकाशावरची साखळी

आमच्या घरी लोखंडी पेटीत दादाजानांनी जपून ठेवलेला एक उर्दू बैनामा आहे. त्यावर साल आहे १३४७. या चार आकड्यांवरून आमच्या दोन घरांत काही वर्षे बोलणे बंद होते, हे सांगितले तर विद्यार्थी मित्रांना नवल वाटेल.

बडे अब्बांनी ते साल हिजरी धरले. हिजरी १३४७ म्हणजे इ.स. १९२८-२९. दादाजानांचा जन्म १९१६ चा. बारा वर्षांचा मुलगा जमीन कशी घेणार? तेव्हा पैसा पणजोबांचा, नाव फक्त मुलाचे, आणि म्हणून जमिनीत सर्वांचा वाटा, असा त्यांचा हिशोब. दादाजान मात्र अखेरपर्यंत सांगत, "गवंडीकाम करून मी ती घेतली."

शेवटी कचेरीत अर्जनवीस म्हणून आयुष्य घालवलेल्या एका वृद्ध गृहस्थांकडे कागद नेला. त्यांनी साल पाहिलेच नाही, आधी महिना वाचला. महिना होता खुर्दाद. ते हसून म्हणाले, "मास्तर, हिजरीत खुर्दाद असतो का? हे फसली साल आहे." सनापुढचा 'फे' घडीवर झिजून गेला होता, एवढेच. फसली १३४७ चा खुर्दाद म्हणजे १९३८ चा एप्रिल. दादाजान तेव्हा बावीस वर्षांचे होते. बडे अब्बा त्याच संध्याकाळी घरी आले.

आता ही दोन साले समजून घेऊ. हिजरी वर्ष चांद्र आहे. ते सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून ३२ सौर वर्षांत ३३ हिजरी वर्षे होतात. रमजान कधी उन्हाळ्यात तर कधी थंडीत येतो, तो यामुळेच. इबादतीला त्याने अडत नाही. पण सारा पिकावर घ्यायचा तर वर्ष ऋतूंशी जुळलेले हवे. म्हणून मोगल अमदानीत फसली सन निघाला. दख्खनेत तो शाहजहानच्या काळी, हिजरी १०४६ म्हणजे इ.स. १६३६ च्या सुमारास सुरू झाला. आरंभी आकडा हिजरीचाच घेतला, पुढची चाल मात्र सूर्याची. तीन शतकांत दोन्ही आकड्यांत सुमारे दहा वर्षांचे अंतर पडले.

निजामी राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरात आजूर महिन्याने सुरू होई. म्हणून वर्षारंभीच्या महिन्यांत ५९०, आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांत ५९१ मिळवले की इसवी सन येतो. हिजरीसाठी सालाला ३३ ने भागावे, तो भागाकार सालातून वजा करावा व ६२२ मिळवावे. उत्तरात एखादे वर्ष मागेपुढे होते, म्हणून महिना अवश्य पाहावा.

जे सालाचे तेच नकाशाचे. जुन्या गाव नकाशाखाली '१ इंच = २० साखळ्या' असे प्रमाण असेल, तर साखळी कोणती हे आधी विचारावे. आपल्याकडच्या जमीन मोजणीची साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. इंग्रजी गुंटर साखळी ६६ फुटांची. नकाशावर बांध ३ इंच भरला तर पहिल्या साखळीने तो १,९८० फूट, दुसरीने ३,९६० फूट. लांबी दुप्पट झाली की क्षेत्र चौपट होते! ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १ गुंठा, ४० गुंठ्यांचा १ एकर. सातबारावर आता हेक्टर-आर असतात. १ हेक्टर म्हणजे सुमारे २ एकर १९ गुंठे.

आणखी एक सावधगिरी. नकाशाची झेरॉक्स लहानमोठी निघाली की खाली लिहिलेले 'एक इंच' खोटे ठरते. नकाशावर काढलेली प्रमाणपट्टी मात्र नकाशाबरोबरच लहानमोठी होते, म्हणून ती खरी राहते. मोजणे नेहमी तिच्यावरून करावे.

वर्गात मी मुलांकडून कालरेषाही प्रमाणात काढून घेतो: १ सेंटिमीटर = १० वर्षे. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीपासून (पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर) १९४८ च्या मराठवाडा मुक्तीपर्यंत रेषा ३३.८ सेंटिमीटर होते. तेथून १९६० च्या महाराष्ट्र स्थापनेपर्यंत फक्त १.२ सेंटिमीटर! पुस्तकात दोन्ही धडे सारख्याच पानांचे असतात. काळाची खरी लांबी पट्टीच दाखवते.

पालकांना एकच विनंती. घरातल्या जुन्या कागदांवर परस्पर इसवी साल लिहून ठेवू नका. महिना वाचा, सन कोणता ते ठरवा, मगच हिशोब करा. आणि ती उर्दू, मोडी वाचणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर मुलांना त्यांच्याजवळ बसवा.