परीखान्यातील अभ्यासक्रम

लखनौच्या पूर्वेस, फैजाबादकडे जाणाऱ्या रस्त्यावर चिनहट हे गाव होते. आज ते शहरातच मिसळून गेले आहे. ३० जून १८५७ रोजी येथे सर हेन्री लॉरेन्स यांच्या फौजेचा पराभव झाला, इंग्रज रेसिडेन्सीत कोंडले गेले आणि अवधची राजधानी काही महिने त्यांच्या हातून निसटली. त्यानंतर अठरा दिवसांनी, १८ जुलै रोजी, मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेचा कायदा संमत झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. परंतु कला कोणी, कोठे आणि कशी शिकवावी या प्रश्नाचा इतिहास पाहू लागले की त्या शेजारी शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

चिनहटचा विजय टिकला नाही. मार्च १८५८ मध्ये लखनौ पुन्हा इंग्रजांकडे गेले आणि कैसरबागेची मनसोक्त लूट झाली. त्या बागेत वाजिद अली शाहाचा परीखाना होता. निवडक स्त्रियांना उस्तादांकडून गायन आणि नृत्य शिकवण्याची ती व्यवस्था होती. तिला विलासाचे स्थान म्हणून हिणवणे सोपे असले, तरी ती एक शाळा होती हे विसरता येत नाही. तिचा धनी १८५६ मध्येच पदच्युत होऊन कलकत्त्याजवळच्या मटियाबुर्जला गेला होता. राजाश्रयाने चालणारे कलेचे शिक्षण लखनौत असे मोडले. मुंबईत जे नवे शिक्षण उभे राहिले त्यात कलेला जागाच नव्हती. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर बेतलेले ते विद्यापीठ परीक्षा घेई व पदव्या देई. मराठी भाषा आरंभी तेथे होती. पुढे वरच्या परीक्षांतून तिला काढून टाकण्यात आले आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती एम्.ए.च्या परीक्षेत परत आली. आली ती वाचण्याचा, स्पष्टीकरण करण्याचा आणि टीका करण्याचा विषय म्हणून. कविता कशी वाचावी हे शिकवता येते, ती कशी लिहावी हे शिकवता येत नाही, अशी समजूत या व्यवस्थेच्या पायाशीच होती आणि तिच्याबद्दल फारशी चर्चाही झाली नाही.

निर्मितीची कला महाविद्यालयात शिकवता येईल काय, या प्रश्नाला एका मराठी माणसाने दिलेले सविस्तर उत्तर साहित्याच्या क्षेत्रात सापडत नाही. ते संगीताच्या क्षेत्रात आणि महाराष्ट्राबाहेर, लखनौत सापडते.

विष्णू नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे मुंबईच्या वाळकेश्वरात जन्मलेले, १८८५ साली बी.ए. आणि १८८७ साली एल्एल्.बी. झालेले वकील. परीक्षांचे विद्यापीठ ज्या प्रकारचे मन घडवीत होते, ते मन त्यांच्याकडे पुरेपूर होते: पुरावा मागणारे, वर्गवारी करणारे, परस्परविरोधी साक्षी समोरासमोर आणणारे. पारशी मंडळींनी चालवलेल्या गायनोत्तेजक मंडळीत त्यांचा प्रवेश १८८४ चा. पत्नी आणि मुलगी यांच्या मृत्यूनंतर त्यांनी वकिली सोडली आणि १९०४ पासून दक्षिणेत, पूर्वेकडे, उत्तरेत असे प्रवास करून ग्रंथालये, दरबार आणि उस्तादांची घरे पालथी घातली.

या प्रवासांचे वर्णन बहुधा संशोधनाची यात्रा म्हणून केले जाते. ते एका अभ्यासक्रमाची पूर्वतयारीही होते, आणि हा क्रम महत्त्वाचा आहे. भातखंडे यांनी महाविद्यालय काढून नंतर काय शिकवावे याचा विचार केला नाही. शिकवण्याजोगा साठा हाती आल्यावाचून त्यांनी महाविद्यालयाचे नाव काढले नाही. हा साठा मिळवणे सोपे नव्हते. बंदिश ही घराण्याची मालमत्ता होती. मुलीच्या हुंड्यात बंदिशी दिल्याच्या कथा सांगितल्या जात. रावजीबुवा बेलबागकरांकडून त्यांनी ध्रुपदे घेतली, जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अलीखाँ यांच्या घराण्याकडून ख्याल घेतले, रामपूरच्या दरबारात प्रवेश मिळवला. काही ठिकाणी त्यांना रीतसर शागीर्द व्हावे लागले, काही ठिकाणी संस्थानिकाचा शब्द कामी आला. या व्यवहारात देणाऱ्याला काय मिळाले, हा प्रश्न अलीकडच्या अभ्यासकांनी विचारला आहे आणि तो रास्त आहे. छापून निघालेली बंदिश सर्वांची होते. तेव्हाच ती ज्या घराची होती त्या घराचे एक सामर्थ्य कमी होते. हेच संकलन झाले नसते तर त्यांतील कितीतरी रचना गाणाऱ्यांबरोबरच संपल्या असत्या, हेही तितकेच खरे.

क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत पुढे ही सामग्री आली. अठराशेच्या आसपास रचना, सोप्या रागांकडून अवघड रागांकडे जाणाऱ्या. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, सप्तकासाठी वर किंवा खाली बिंदू, इतकी साधी स्वरलिपी की लिहावाचायला येणारा कोणीही ती काही दिवसांत आत्मसात करावा. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव या गोष्टी तिच्यात मावत नव्हत्या. भातखंडे यांना हे ठाऊक नव्हते असे मानणे अन्यायाचे होईल. त्यांची लिपी स्मरणाला आधार देण्यासाठी होती आणि उरलेले काम गुरूच्या गळ्यावर सोपवलेले होते. नंतरच्या काळात अनेक वर्गांतून पुस्तक राहिले आणि गळा गेला, ही गोष्ट वेगळी.

शिक्षणाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत कल्पक युक्ती म्हणजे लक्षणगीत. रागाचे नियम सांगणारे शब्द त्याच रागात, त्याच नियमांनी बांधायचे. नियम आणि उदाहरण एकाच वेळी कानावर पडावे. ‘चतुर’ या मुद्रेने त्यांनी अशी कितीतरी गीते रचली. अलंकारशास्त्राच्या संस्कृत ग्रंथांत लक्षण आणि उदाहरण एकाच श्लोकात गुंफण्याची प्रथा होतीच. ती त्यांनी वर्गात आणली. सिद्धान्तासाठी मात्र त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिला. १९१० पासून निघालेल्या त्याच्या चार भागांत शिष्य शंका काढतो, गुरू कधी ठामपणे उत्तर देतो तर कधी मतभेद तसाच उघडा ठेवतो. मराठी वैचारिक गद्याच्या इतिहासात या ग्रंथाची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

योजनेची चाचणी आधी ग्वाल्हेरला झाली. माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये तेथे माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि त्यासाठी दरबारच्या गायकांना मुंबईस भातखंडे यांच्याकडे पाठवण्यात आले. ज्यांच्या घरी ख्याल पिढ्यान्‌पिढ्या होता त्यांनी एका वकिलाकडून ख्याल शिकवण्याची रीत शिकायची, या प्रसंगातील अवघडलेपण सहज कल्पिता येते. राजाभैया पूछवाले यांनी ती रीत स्वीकारली आणि ते या विद्यालयाचे आधारस्तंभ झाले. त्याच शहरात कृष्णराव शंकर पंडितांनी आपल्या घराण्याची स्वतंत्र शाळा चालवली. दोन्ही संस्थांतून चांगले गायक निघाले, आणि ‘घराणे की महाविद्यालय’ या वादाचा निकाल ग्वाल्हेरने तरी दिला नाही.

लखनौचा प्रसंग यापुढचा. १९१६ ची बडोद्याची, मग दिल्लीची आणि काशीची अशा अखिल भारतीय संगीत परिषदा झाल्यावर चौथी आणि पाचवी लखनौत भरली. बाराबंकी जिल्ह्यातील दर्याबादचे तालुकदार राय उमानाथ बली आणि संयुक्त प्रांताचे शिक्षणमंत्री राय राजेश्वर बली यांनी पुढाकार घेतला, आणि १९२६ च्या सप्टेंबरात राज्यपाल सर विल्यम मॅरिस यांचे नाव घेऊन मॅरिस संगीत महाविद्यालय उघडले. पुढे ते कैसरबागेतील परीखान्याच्या वास्तूत गेले. तबल्यासाठी लखनौ घराण्याचे खलिफा आबिद हुसेनखाँ आणि सरोदीसाठी सखावत हुसेनखाँ यांच्यासारखे खानदानी उस्ताद अध्यापक झाले. घराणे मोडून महाविद्यालय उभारायचे नसून घराण्याला वेळापत्रकात बसवायचे आहे, हा त्यामागील हेतू स्पष्ट होता. आणखी एक बदल त्या वास्तूने पाहिला. जेथे नवाबाच्या परींना तालीम मिळे तेथे मध्यमवर्गीय घरांतल्या मुली परीक्षा देऊ लागल्या. सुमती मुटाटकर यांच्यासारख्या विदुषी तेथेच घडल्या. ज्या पेशेवर गायिकांनी लखनौची ठुमरी मधल्या सत्तर वर्षांत जिवंत ठेवली त्यांना मात्र या प्रतिष्ठित प्रांगणात आरंभी स्थान नव्हते. बेगम अख्तर यांना तेथे अध्यापनासाठी पाचारण करण्यात आले ते फार उशिरा.

श्रीकृष्ण नारायण रातंजनकर १९२८ मध्ये प्राचार्य झाले. ते भातखंडे यांचे शिष्य, शिवाय बडोद्याला आग्र्याच्या फैयाजखाँ यांच्यापुढे बसलेले. योजनेत जे लिहून ठेवता येत नव्हते ते त्यांच्यामुळे महाविद्यालयात आले. ‘सुजन’ या मुद्रेने त्यांनी शेकडो बंदिशी बांधल्या, मार्गबिहाग आणि सालगवराळी यांसारखे राग रचले. शिक्षक स्वतः निर्मिती करतो आहे, कालची रचना आज वर्गात गाऊन तपासतो आहे, हे विद्यार्थ्यांना रोज दिसत होते. बैलहोंगलचे कृ. गुं. गिंडे १९३६ मध्ये, अकराव्या वर्षी, रातंजनकरांच्या घरी राहायला आले. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, दिनकर कायकिणी हेही याच मंडळातले. महाविद्यालय तासांवर चाले, तर घर दिवसरात्र चाले. मॅरिस महाविद्यालयाच्या यशाचे श्रेय देताना दुसऱ्याला वगळले तर पहिल्याचे चित्र खोटे पडेल. या संस्थेतून तलत महमूद आणि संगीतकार रोशन यांच्यासारखे चित्रपटक्षेत्रात गेलेले कलावंतही निघाले. पण बहुसंख्य विद्यार्थी शिक्षक आणि जाणते श्रोते झाले. तानसेन घडवता आले नाहीत तरी कानसेन घडवावेत, ही संगीतशिक्षणाच्या संदर्भात नेहमी सांगितली जाणारी उक्ती येथे अक्षरशः खरी ठरली. तिच्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

मॅरिस महाविद्यालय सुरू झाले त्या काळात मराठी साहित्यात काय घडत होते? १९३१ मध्ये ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ प्रसिद्ध झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या लोकप्रिय कादंबरीकाराने कथा-कादंबरीचे तंत्र शिकता येते असे ठामपणे सांगितले. पाश्चात्त्य ग्रंथांचे त्यांचे ऋण, कलावादाचा त्यांचा आग्रह यांवर पुष्कळ वाद झाला. त्या गदारोळात एक साधी गोष्ट निसटली: हे पुस्तक पाठ्यपुस्तक होते, पण त्याला वर्ग मिळाला नाही. चाळीसच्या दशकातील नवकथाकारांनी ‘तंत्र’ हा शब्दच संशयास्पद ठरवला आणि लेखन शिकवण्याची भाषा त्यानंतर दीर्घकाळ बाळबोध मानली गेली.

अमेरिकेत याच सुमारास निराळे वळण आले. आयोवा विद्यापीठाने १९२२ मध्ये प्रबंधाऐवजी सर्जनशील कृती स्वीकारण्याचे ठरवले आणि १९३६ मध्ये तेथे लेखकांची कार्यशाळा रीतसर सुरू झाली. १९२२ चा तो निर्णय पुढे नेणारे अधिष्ठाता कार्ल सीशोर हे संगीताच्या मानसशास्त्राचे अभ्यासक होते. कलेतील मोजता येणाऱ्या भागाचा शोध घेणारी माणसेच कलेला विद्यापीठाचे दार उघडतात, हा योगायोग नसावा. त्याच आयोवात, आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रमात, १९७५ मध्ये दिलीप चित्रे गेले. मराठी विद्यापीठांनी मात्र त्या नमुन्याची दखल घेतली नाही.

तरीही मराठी लेखक अशिक्षित राहिला नाही. त्याची तालीम नियतकालिकांत झाली. ‘सत्यकथे’च्या कचेरीतून श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन कथा परत पाठवीत ती सविस्तर पत्रासह: शेवट कोठे सैल पडला, कोणता परिच्छेद अनावश्यक, कोणते पात्र नुसते नावापुरते. लेखक पुन्हा लिही, पुन्हा पाठवी. हे रातंजनकरांच्या घरासारखेच होते. वेळापत्रक नाही, पदवी नाही, पण चुकलेली जागा दाखवणारा कान आहे. घराण्यांचे दोषही त्यात होते. अभिरुचीची एक चौकट आपोआप ठरे आणि तिच्याबाहेरचे बाहेर राही. साठोत्तरी लघुनियतकालिकांचा राग त्याच चौकटीवर होता. १९८२ मध्ये ‘सत्यकथा’ बंद पडली.

अलीकडे बी.ए. मराठीच्या अभ्यासक्रमांत ‘सर्जनशील लेखन’ या नावाच्या अभ्यासपत्रिका येऊ लागल्या आहेत. त्यांची आखणी करणाऱ्यांपुढे वेळेचा, मूल्यमापनाचा, मोठ्या वर्गसंख्येचा प्रश्न असतो, आणि तो खराच आहे. परंतु भातखंडे यांच्या क्रमाने पाहिले तर पहिली उणीव साठ्याची आहे. साहित्यात बंदिशीच्या जागी छापील कथा ठेवून भागत नाही. ती तर आधीपासून वाचली जातेच. विद्यार्थ्याला हवा असतो तो खर्डा, त्यावरची खाडाखोड, संपादकाचे पत्र आणि त्यानंतरचा दुसरा खर्डा. एका कथेचे असे तीन टप्पे शेजारी ठेवले तर लक्षण आणि उदाहरण यांचे काम एकदमच होते. अशी सामग्री मराठीत निर्माण झालेली आहे, पण ती एकत्र नाही. लेखकांच्या कपाटांत, वारसांच्या माळ्यांवर, प्रकाशकांच्या जुन्या फायलींत विखुरलेली आहे. ‘सत्यकथे’च्या अखेरच्या वर्षांत तिशीत असलेले लेखक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत, आणि त्यांच्या दारी जाण्यासाठी अजून कोणत्याही विद्यापीठाने भातखंडे यांच्यासारखा दौरा आखलेला दिसत नाही.