त्यागराज आराधना : जिथे श्रोतेही गातात

तिरुवैयारु (तामिळनाडू) : तंजावरपासून सुमारे १३ किलोमीटर अंतरावर, कावेरीकाठी वसलेल्या तिरुवैयारु येथे दरवर्षी पौष वद्य पंचमीला, म्हणजे बहुधा जानेवारीत, संत-संगीतकार त्यागराज (१७६७–१८४७) यांची पुण्यतिथी ‘आराधना’ म्हणून साजरी होते. प्रेक्षक आणि कलावंत यांच्यातील सीमारेषा पुसणाऱ्या नाट्यप्रयोगांची अलीकडे बरीच चर्चा असते. येथे ती रेषा कित्येक दशकांपासून पुसट आहे.

पंचमीच्या सकाळी त्यागराजांच्या घरापासून समाधीकडे भजन गात मिरवणूक निघते. भिक्षा मागत नामसंकीर्तन करण्याच्या त्यांच्या उंछवृत्तीचे हे स्मरण. दिंडीची सवय असलेल्या मराठी माणसाला ते परके वाटणार नाही. नंतर नागस्वरम आणि बासरीवादन होते व नऊच्या सुमारास पंचरत्न कृतींचे समूहगायन सुरू होते. नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील या रचना आदि तालात आहेत. पहिली संस्कृतात, उरलेल्या तेलुगूत. शेकडो गायक-वादक मांडवात जमिनीवर बसून एका सुरात गातात, त्याच वेळी समाधीस्थानी अभिषेक चालू असतो.

तिकीट नाही, राखीव खुर्ची नाही. पुढच्या रांगा नामवंतांनी भरलेल्या असल्या तरी मागे बसलेल्याने गप्प राहावे, अशी अपेक्षा नसते. पाठांतर नसल्यास पुस्तिका जवळ ठेवावी. या कृतींच्या चरणांत आधी स्वर आणि मग त्याच चालीवर शब्द येतात. नवखा तिथेच चुकतो. अशा वेळी मांडीवर ताल धरून ध्रुपदाची वाट पाहावी, तेथे पुन्हा सामील होता येते. वराळी राग गुरूने शिष्याला थेट शिकवू नये, असा जुना समज आहे. त्यामुळे चौथी कृती एरवी कमी ऐकू येते. येथे मात्र ती पूर्ण गायली जाते.

समूहगायन साधारण तासाभरात आटोपते. पुढे उत्सवाच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत एकामागून एक कलावंत हजेरी लावतात, पण प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. सविस्तर रागविस्ताराच्या आशेने जाणाऱ्याची निराशा होईल. कोणी मानधनासाठी गात नाही. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) यांच्या दरबाराचे निमंत्रण त्यागराजांनी नाकारले, अशी आख्यायिका आहे. त्या परंपरेला हे साजेसेच.

आज सर्वांना खुला असलेला हा मांडव पूर्वी तसा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी आराधनेचे दोन प्रतिस्पर्धी गट होते आणि स्त्रियांना समाधीपुढे गाण्यास मज्जाव होता. देवदासी परंपरेतील विदुषी बंगळूर नागरत्नम्मा (१८७८–१९५२) यांनी पडझड झालेल्या समाधीची दुरवस्था पाहून स्वतःच्या मिळकतीतून तेथे मंदिर उभारले. तरीही त्यांना गाऊ दिले गेले नाही. १९२७ मध्ये त्यांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली. १९४० च्या सुमारास सारे गट एकत्र आले आणि स्त्री-पुरुषांच्या एकत्रित समूहगायनाची प्रथा रुळली.

नागरत्नम्मा यांची समाधी त्यागराजांच्या समाधीजवळच आहे. तेथील त्यांची मूर्ती समाधीमंदिराकडे तोंड करून हात जोडून बसलेली दिसते.