मार्चअखेरचा हिशेब

मार्चअखेर म्हटलं की आपल्याकडे बँका, कचेऱ्या आणि शाळेच्या ऑफिसातल्या वह्या डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉललाही मार्चअखेर असतो, फक्त तो महिन्याच्या मध्यावरच येतो. तिथल्या नॅशनल फुटबॉल लीगचं, म्हणजे एनएफएलचं, नवं वर्ष मार्चच्या मध्यात ठरलेल्या दिवशी न्यूयॉर्कच्या घड्याळात दुपारचे चार वाजले की सुरू होतं. ज्यांचे करार संपले ते खेळाडू त्या ठोक्याला हव्या त्या संघाकडे जायला मोकळे होतात. ह्याला म्हणायचं फ्री एजन्सी. आणि त्याच ठोक्याला बत्तीसच्या बत्तीस संघांचा पगाराचा हिशेब एका ठरवून दिलेल्या आकड्याच्या आत असावा लागतो. ती सॅलरी कॅप. २०२५ साली हा आकडा होता संघामागे २७ कोटी ९२ लाख डॉलर! (हा फुटबॉल अंडाकृती चेंडूचा, हातात घेऊन पळायचा, बरं का. आपल्या फुटबॉलला तिकडे सॉकर म्हणतात.)

ह्या वयात हे काय नवीन, असं नातेवाईक मंडळी विचारणारच. आमचा पुतण्या मिनियापोलिसला असतो. त्याच्याकडे राहायला गेले होते तेव्हा दर रविवारी घरात हाच खेळ. ती धक्काबुक्की मला बघवायची नाही, मी आपली स्वयंपाकघरात. पण खेळ संपून हिशेबाच्या गप्पा सुरू झाल्या की मी हळूच बाहेर येऊन बसायची. कोणाला ठेवायचं, कोणाला सोडायचं, कोणाचे पैसे पुढच्या वर्षावर ढकलायचे... अगदी आपल्या घरातल्या महिनाअखेरीसारखं! आयुष्यभर इतिहास शिकवल्यामुळे एक खोड लागली आहे. कुठलाही नियम दिसला की तो नव्हता तेव्हा काय होतं, हे विचारल्याशिवाय चैन पडत नाही. आणि गंमत म्हणजे ह्याचं उत्तर त्या मिनियापोलिसच्याच न्यायालयात दोनदा लिहिलं गेलं आहे.

पूर्वी काय होतं? कागदावर खेळाडू मोकळाच होता. करार संपवून, वर एक वर्ष खेळून दिलं की तो दुसरीकडे जाऊ शके. पण १९६३ मध्ये लीगने एक नियम केला. जो संघ असा खेळाडू घेईल त्याने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि दोघांचं जमलं नाही तर भरपाई काय ते लीगचे आयुक्त पीट रोझेल ठरवणार. ह्यालाच पुढे रोझेल रूल म्हणू लागले. १९६८ साली डेव्ह पार्क्स नावाचा खेळाडू सॅन फ्रान्सिस्को सोडून न्यू ऑर्लिन्सला गेला. रोझेलसाहेबांनी न्यू ऑर्लिन्सला हुकूम केला की त्याच वर्षी पहिल्या फेरीत निवडलेला नवा खेळाडू द्या, आणि वर पुढच्या वर्षीच्या पहिल्या फेरीतल्या निवडीचा हक्कही द्या. (दरवर्षी कॉलेजातले नवे खेळाडू संघ पाळीपाळीने निवडतात, त्यात पहिली फेरी म्हणजे सोनंच.) एवढी भरपाई कोण देणार? रोझेल यांना असा निवाडा सगळ्या वर्षांत मिळून फक्त चारदा द्यावा लागला. भीतीनेच काम भागत होतं. दार उघडं होतं, पण बाहेर पडणाऱ्याला आसरा देईल त्याला दंड.

ह्याच्याविरुद्ध जो खटला उभा राहिला त्यावर नाव आहे जॉन मॅकी यांचं. बाल्टिमोर कोल्ट्सचे नामांकित खेळाडू, आणि खेळाडूंच्या संघटनेचे अध्यक्ष. अंगाने धिप्पाड, आणि चेंडू हातात आला की चार-चार जणांना अंगावरून झटकून टाकणारे. १९७५ च्या डिसेंबरात मिनियापोलिसचे न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी रोझेल रूल बेकायदा ठरवला. पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयानेही तो उचलून धरला नाही. पण मॅकी १९७२ च्या हंगामानंतरच निवृत्त झाले होते. निकालाचा त्यांना स्वतःला काडीचा उपयोग नव्हता.

बरं, बाकीच्यांना तरी झाला का? तर नाही. १९७७ साली मालकांशी करार करताना संघटनेने दुसऱ्या सवलतींच्या बदल्यात भरपाईची पद्धत वेगळ्या रूपात परत मान्य केली. कोर्टात मिळवलेलं टेबलावर घालवलं. संघटनेची तिजोरी तेव्हा रिकामी होती, हे खरं. तरी मला हा प्रसंग वाचताना राग आल्याशिवाय राहत नाही. पुढची दहा-अकरा वर्षं मोठा खेळाडू संघ बदलतो ही बातमीच नव्हती. १९८८ मध्ये विल्बर मार्शल शिकागोहून वॉशिंग्टनला गेला, तर वॉशिंग्टनला पहिल्या फेरीचे दोन हक्क मोजावे लागले.

मधल्या काळात दोन संप झाले. १९८२ चा सत्तावन्न दिवस चालला. (आपल्याकडे १९७७-७८ मध्ये सरकारी कर्मचारी आणि आम्हा शिक्षकांचा चोपन्न दिवसांचा संप झाला होता. मी तेव्हा नवखी होते. त्यामुळे सत्तावन्न दिवस म्हणजे किती, हे मला आकडेमोडीने कळायची गरज नाही.) त्या संपात खेळाडूंची मागणी होती की लीगच्या एकूण उत्पन्नाचे ५५ टक्के आम्हाला द्या. मालकांनी ती धुडकावली. ही मागणी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. १९८७ च्या संपात तर मालकांनी बाहेरची माणसं आणून तीन आठवडे सामने खेळवले. ते टीव्हीवर दाखवलेही गेले, आणि मोठमोठी नावं एकेक करून संप मोडून आत गेली. चोवीस दिवसांत सगळं आटोपलं.

आणि मग संघटनेने जे केलं ते मला ह्या सगळ्या इतिहासातलं सर्वांत हुशारीचं पाऊल वाटतं. न्यायालयाचं म्हणणं असं पडलं की जोवर तुमची कामगार संघटना आहे तोवर मक्तेदारीविरोधी कायद्याखाली दावा लावता येणार नाही, संघटनेमार्फतच काय ते भांडा. तेव्हा १९८९ मध्ये त्यांनी संघटनाच मोडली! म्हणजे कागदोपत्री. जीन अपशॉ हे तिचे प्रमुख, स्वतः जुने खेळाडू. संघटना नाही म्हटल्यावर खेळाडू एकेकटे न्यायालयात जायला मोकळे झाले. मालकांनी तेवढ्यात 'प्लॅन बी' काढला होता. प्रत्येक संघाने आपले ३७ खेळाडू राखून ठेवायचे, उरलेल्यांनी खुशाल जावं. म्हणजे ज्यांना बाजारात भाव होता नेमके तेच अडकलेले.

ह्या प्लॅन बीविरुद्ध न्यूयॉर्क जेट्सचा फ्रीमन मॅकनील आणि आणखी सात जण उभे राहिले. सप्टेंबर १९९२, पुन्हा मिनियापोलिस, न्यायाधीश डेव्हिड डॉटी, आणि ज्युरीत आठच्या आठ बायका. (हे वाचून मला उगाच बरं वाटलं.) त्यांनी निकाल खेळाडूंच्या बाजूने दिला. आठांपैकी चौघांना मिळून ५ लाख ४३ हजार डॉलर नुकसानभरपाई मिळाली, कायद्याप्रमाणे तिची तिप्पट. ज्याच्या नावाने खटला ओळखला जातो त्या मॅकनीलच्या वाट्याला मात्र त्यातला एक डॉलरही आला नाही.

आता मालकांना तडजोड करणं भागच होतं. १९९३ च्या सुरुवातीला ती झाली. ठरावीक वर्षं खेळून करार संपवलेला खेळाडू खरोखरच मोकळा होईल, हे मालकांनी मान्य केलं. बदल्यात १९९४ पासून प्रत्येक संघाच्या पगारखर्चाला कमाल मर्यादा, पहिल्या वर्षी ३ कोटी ४६ लाख डॉलर. आणि प्रत्येक संघाने निदान इतकं तरी खर्च केलंच पाहिजे अशी किमान मर्यादाही. हा आकडा काढायचा कसा? तर लीगच्या उत्पन्नाच्या टक्केवारीवरून. म्हणजे बघा, १९८२ मध्ये खेळाडूंनी जो टक्क्यांतला वाटा मागितला आणि मालकांनी धुडकावला, तोच अकरा वर्षांनी मालकांनी पुढे केला, झाकण म्हणून. एकच कल्पना, फक्त ती कोणाच्या हातात आहे त्यावर तिची तऱ्हा बदलली.

पहिल्या उन्हाळ्यात आनंदीआनंद होता. फिलाडेल्फियाचा रेजी व्हाइट, पेशाने धर्मोपदेशकही, गावोगाव पाहुणचार घेत हिंडला आणि शेवटी लाखभर वस्तीच्या ग्रीन बे ह्या गावाच्या संघाशी त्याने चार वर्षांचा १ कोटी ७० लाख डॉलरचा करार केला. मोठ्या शहरांतले संघ बघत राहिले. जानेवारी १९९७ मध्ये ग्रीन बेने सुपर बोल जिंकला.

पण १९९४ च्या जूनमध्ये दुसरी बाजू दिसली. न्यूयॉर्क जायंट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचा सूत्रधार, फिल सिम्स. पंधरा हंगाम एकाच संघात. जानेवारी १९८७ च्या सुपर बोलमध्ये त्याने २५ पैकी २२ पास अचूक दिले होते. आदल्याच हंगामात सोळाच्या सोळा सामने खेळून त्याने संघाला अकरा विजय मिळवून दिले होते. खांद्यावर शस्त्रक्रिया झालेली, वय अडतीस, पगार मोठा. कॅपच्या बेरजेत तो बसेना, म्हणून त्याला कमी केलं. मालक वेलिंग्टन मारा यांनी जाहीरपणे दुःख व्यक्त केलं. व्यक्त करणाऱ्याच्या दुःखाबद्दल मला शंका नाही, पण वही मिटवून ठेवायची सोय त्यांनाही उरली नव्हती.

मग हुशार संघांनी पळवाट शोधली, ती आपल्या हप्तेबंदीची सख्खी बहीण. खेळाडूला करार करताना मोठा बोनस रोख द्यायचा, पण कॅपच्या वहीत तो कराराच्या वर्षांवर सारखा वाटून लिहायचा. समजा पाच वर्षांचा करार आणि २ कोटी बोनस. वहीत वर्षाला ४० लाखच पडले. पण दोन वर्षांनी खेळाडूला काढलं तर उरलेले १ कोटी २० लाख वहीत एकदम येऊन पडतात. माणूस गेला, खर्च राहिला. ह्याला तिकडे 'डेड मनी' म्हणतात. डॅलसने १९९५ मध्ये डीऑन सँडर्सला सात वर्षांच्या साडेतीन कोटींच्या करारात जवळजवळ १ कोटी ३० लाख बोनस दिला, आणि पुढच्याच जानेवारीत सुपर बोल जिंकला. २००० साली त्याला सोडलं, २००१ मध्ये जुना सूत्रधार ट्रॉय एकमनलाही. त्या २००० पासूनच्या तीनही हंगामांत संघाच्या पदरी पाच-पाच विजय आणि अकरा-अकरा पराभव. सगळा दोष हिशेबाचा नव्हे, पण उधारी फिटायची वेळ ती होती. धडा कोणी घेतला म्हणाल, तर २०२४ मध्ये डेन्व्हरने रसेल विल्सनला सोडलं तेव्हा त्याच्यामागे साडेआठ कोटी डॉलरचा डेड मनी राहिला, दोन वर्षांत वाटलेला.

तक्रार करायची तर दोन्ही बाजूंनी करता येईल. १९९४ च्या ३ कोटी ४६ लाखांचे २०२५ मध्ये आठपट झाले, म्हणजे खेळाडू नागवले गेले असं म्हणवत नाही. (करोनामुळे २०२१ मध्ये आकडा खाली आला होता.) पण ज्यांनी हे मिळवलं ते जॉन मॅकी? त्यांना उतारवयात स्मृतिभ्रंश झाला. त्यांच्या पत्नीने लीगच्या आयुक्तांना पत्र लिहिलं. त्यातून २००७ मध्ये लीगने आणि संघटनेने स्मृतिभ्रंश झालेल्या जुन्या खेळाडूंच्या शुश्रूषेसाठी वर्षाला ८८ हजार डॉलरपर्यंत मदत सुरू केली. ८८ हा मॅकींच्या जर्सीचा आकडा, म्हणून योजनेचं नाव '८८ प्लॅन'. मॅकी जुलै २०११ मध्ये गेले. तेव्हा मालकांनी टाळेबंदी केलेली होती आणि नव्या कराराची बोलणी चालू होती. त्याच महिन्याच्या शेवटी टाळेबंदी उठली, संघांना त्या वर्षीची मर्यादा कळवण्यात आली, १२ कोटी डॉलरच्या थोडी वर, आणि थांबलेली फ्री एजन्सी सुरू झाली.